ज्यांचे नाव छापायला बंदी होती

४ ऑक्टोबर १९५७ च्या रात्री माणसाने बनविलेली पहिली वस्तू पृथ्वीभोवती फिरू लागली. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा धातूचा चकचकीत गोळा आणि त्याला मिशांसारख्या चार लांब तारा. नाव स्पुटनिक. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळे सजविले, अमेरिकेची झोप उडाली, सोव्हिएत रशियाची छाती फुगली. परंतु हा गोळा आकाशात धाडणारा माणूस कोण, या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही वर्तमानपत्राला मिळाले नाही. मॉस्कोतून फक्त एक पदनाम बाहेर येई: मुख्य रचनाकार. हा मुख्य रचनाकार पुढची आठ वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, बिननावाचा राहिला.

सर्गेई पावलोविच कोरोलेव्ह हे त्यांचे नाव. आज आम्ही त्यांचे चरित्र वाचकांसमोर ठेवत आहोत. आम्ही वकिली करणारी माणसे. फाईलमध्ये काय लिहिले आहे यापेक्षा काय गाळले आहे, ते शोधण्याची आम्हाला सवय. आणि ज्यांच्या पूर्वजांनी घाम गाळला पण ज्यांचे नाव एकाही शिलालेखावर कोरले गेले नाही, त्या वाचकांना नाव गाळणे म्हणजे काय हे आम्ही वेगळे सांगायला नको. दुसरेही एक कारण आहे. विमान, अग्निबाण, अवकाशयान हे सारे पुराणात होतेच, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पुष्पक विमानात कोणते इंधन भरत आणि त्याच्या चाचण्या किती वेळा फसल्या, हे मात्र ते कधी सांगत नाहीत. खरा अग्निबाण किती अपयशांवर उभा राहतो, तेही या चरित्रात दिसेल.

कोरोलेव्ह यांचा जन्म १२ जानेवारी १९०७ चा, युक्रेनमधील झितोमिर गावचा. वडील शाळेत रशियन भाषा शिकवीत. आईवडिलांचे पटले नाही, आई मुलाला घेऊन माहेरी आली. वडील वारले असेच मुलाला सांगण्यात आले. आजी-आजोबांकडे एकट्याने वाढलेला हा मुलगा पुढे आई आणि सावत्र वडिलांबरोबर ओडेसा बंदरात गेला. क्रांती आणि यादवी युद्धाचे दिवस होते. नियमित शाळेऐवजी त्याने बांधकामाची व्यवसायशाळा केली आणि हाती पहिला दाखला आला तो छपरावर कौले बसविणाऱ्या कारागिराचा. आम्हाला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. चंद्राकडे यान धाडणाऱ्या माणसाची पहिली पदवी कौलारूची होती!

पुढे कीव्ह आणि नंतर मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयात त्यांनी विमानविद्या शिकली. अंतिम प्रकल्पासाठी मार्गदर्शक लाभले ते विख्यात विमानरचनाकार तुपोलेव्ह. १९३१ मध्ये मॉस्कोत अग्निबाणाच्या वेडाने झपाटलेल्या मंडळींचा एक गट स्थापन झाला, जीआयआरडी या आद्याक्षरांचा. एका तळघरात त्यांचे काम चाले. पगाराची शाश्वती नसे, म्हणून त्या आद्याक्षरांचा फुकट राबणाऱ्या अभियंत्यांचा गट असा अर्थ ही मंडळीच थट्टेने लावीत. १७ ऑगस्ट १९३३ रोजी त्यांचा पहिला द्रव-इंधनी अग्निबाण मॉस्कोजवळच्या नाखाबिनो येथून उडाला. तो सुमारे ४०० मीटर वर गेला आणि कोसळला. चळवळीत काम केलेल्या कोणालाही हे तळघर ओळखीचे वाटेल. खोली उधारीची, सामान गोळा केलेले आणि बाहेरचे लोक हसत आहेत.

त्याच वर्षी सरकारने या गटाला सरकारी संस्थेत सामावून घेतले. लष्कराचा पैसा आला आणि लष्कराबरोबर येणारी भीतीही आली. १९३७ साली स्टालिनची दडपशाही शिगेला पोहोचली. संस्थेचा पाठीराखा मार्शल तुखाचेव्हस्की याला गोळी घालण्यात आली, म्हणजे त्याच्या ओळखीचे सगळेच संशयित झाले. संस्थेचे संचालक क्लेइमेनोव्ह आणि त्यांचे सहायक लांगेमाक यांना नोव्हेंबर १९३७ मध्ये अटक झाली, जानेवारी १९३८ मध्ये दोघांनाही गोळ्या घातल्या. मार्चमध्ये इंजिनतज्ज्ञ ग्लुश्को गेले. २७ जून १९३८ रोजी कोरोलेव्ह यांच्या दारावर थाप पडली. वय ३१. घरात डॉक्टर पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी.

आता या खटल्याकडे वकिलाच्या नजरेने पाहू. आरोप कलम ५८ खालचा: सोव्हिएतविरोधी संघटनेत सहभाग आणि संशोधनात घातपात. पुरावा काय? आधी पकडलेल्या सहकाऱ्यांचे जबाब, म्हणजे मारहाण करून घेतलेले जबाब. त्यातले दोघे तर उलटतपासणीला उरलेच नव्हते, कारण ते आधीच गोळीला बळी पडले होते. दुसरा पुरावा आरोपीचा स्वतःचा कबुलीजबाब. तो कसा मिळविला, हे कोरोलेव्ह यांनी पुढे आपल्या अर्जांत स्पष्ट लिहिले आहे: तपास अधिकाऱ्यांनी मारून. सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी पीठापुढे २७ सप्टेंबर १९३८ रोजी सुनावणी झाली आणि काही मिनिटांत संपली. दहा वर्षे सक्तमजुरी. अग्निबाणाची चाचणी फसली म्हणजे घातपात, एवढाच या निकालाचा तर्क. विज्ञानात प्रयोग फसणारच, हे ज्या न्यायालयाला कळत नाही त्याच्यापुढे प्रत्येक वैज्ञानिक गुन्हेगार ठरतो.

इथे थोडे विषयांतर करतो. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही, हा आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चा शब्द आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ चा नियम नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. या तरतुदी म्हणजे गुन्हेगारांचे लाड, असे दूरचित्रवाणीवर बसून म्हणणाऱ्यांनी कोरोलेव्ह यांची फाईल वाचावी. टाडाने हा नियम मोडला, महाराष्ट्राच्या मोक्का कायद्यातही वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने नोंदविलेला कबुलीजबाब ग्राह्य धरला जातो. टाडा १९९५ मध्ये संपला, मोक्का अजून आहे. असो.

कोरोलेव्ह यांच्या आई, मारिया निकोलायेव्हना, गप्प बसल्या नाहीत. अर्जावर अर्ज केले. ग्रिझोदुबोवा ही नामांकित महिला वैमानिक आणि ग्रोमोव्ह हे उत्तर ध्रुवावरून उड्डाण केलेले वैमानिक, दोघेही सर्वोच्च सोव्हिएतचे सभासद. या दोघांनी शब्द टाकला. त्या काळात कैद्यासाठी शब्द टाकणे म्हणजे स्वतःची मान पुढे करणे होते, हे लक्षात घेतले पाहिजे. या धडपडीला यश आले आणि जून १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरतपासाचा हुकूम दिला. पण ज्याच्या बाजूने हुकूम झाला तो कैदी त्या वेळी गाडीत होता, सैबेरियाच्या वाटेवर! कागद एका दिशेला निघाला, माणूस दुसऱ्या. शिक्षा रद्द झाल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, कोरोलेव्ह कोलिमाच्या माल्द्याक सोन्याच्या खाणीवर पोहोचले आणि दगड वाहू लागले. जामिनाचा आदेश होऊनही तो तुरुंगापर्यंत न पोहोचल्याने आत राहिलेले अशील आमच्यापैकी कोणत्या वकिलाने पाहिलेले नाहीत?

कोलिमा हा पृथ्वीवरच्या अतिथंड प्रदेशांपैकी एक. तिथे अपुऱ्या अन्नाने त्यांना स्कर्व्ही जडला, दात गळाले. चरित्रकार सांगतात की उसाचेव्ह नावाच्या सहकैद्याने, जो अटकेपूर्वी विमान कारखान्याचा संचालक होता, त्यांच्या घासाची आणि औषधपाण्याची सोय लावली म्हणून ते वाचले. वर्षअखेरीस त्यांना परत पाठविण्यात आले आणि १९४० च्या सुरुवातीला ते पुन्हा मॉस्कोच्या तुरुंगात दाखल झाले. फेरतपास झाला. निर्दोष सुटका? नाही. जुलै १९४० मध्ये गुप्त पोलिसांच्या विशेष मंडळाने दहाऐवजी आठ वर्षांची शिक्षा ठोठावली. या मंडळापुढे ना वकील, ना उलटतपासणी.

मात्र परत खाणीवर जावे लागले नाही. त्यांचे जुने मार्गदर्शक तुपोलेव्ह हेही आता कैदी होते आणि गजाआडच्या एका रचना कार्यालयाचे प्रमुख होते. अशा तुरुंगांना रशियात शराश्का म्हणत. तिथे पोटभर जेवण आणि ड्रॉइंग बोर्ड मिळे, बाहेर पहारेकरी असे. तुपोलेव्ह यांनी हवी असलेल्या माणसांची जी यादी दिली तीत कोरोलेव्ह होते. युद्धकाळात या कैद्यांनी बॉम्बफेकी विमाने रचली. ज्या राज्याने त्यांना देशाचे शत्रू ठरविले होते त्याच राज्याच्या रक्षणासाठी ते राबत होते. १९४२ मध्ये कोरोलेव्ह कझान येथे ग्लुश्को यांच्या हाताखाली गेले, तेही कैदीच. २७ जुलै १९४४ च्या हुकमाने त्यांची मुदतपूर्व सुटका झाली आणि शिक्षेची नोंद पुसली गेली. वकिलाने येथे थांबून वाचावे. शिक्षेची नोंद पुसली, गुन्हा केलाच नव्हता असे कोणी म्हटले नाही. सूट मिळाली, न्याय मिळाला नव्हता.

१९४५ मध्ये सोव्हिएत सरकारने कालच्या या कैद्याला लष्करी गणवेश चढवून जर्मनीत पाठविले, कशासाठी? हिटलरच्या व्ही-२ अग्निबाणाचे अवशेष गोळा करून ते कोडे सोडविण्यासाठी. आणि इथे आपल्याला दुसऱ्या एका माणसाची गाठ घ्यावी लागते.

व्ही-२ चा रचनाकार वेर्नर फॉन ब्राउन. सरंजामी घराण्यातला, १९३७ पासून नाझी पक्षाचा सदस्य, १९४० पासून एसएसचा अधिकारी. त्याचा अग्निबाण मिटेलवर्क या डोंगरातल्या बोगद्यांत तयार होई आणि ते काम मिटेलबाउ-डोरा छळछावणीचे गुलाम करीत. त्या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे ६०,००० कैदी आणले गेले, त्यांतले सुमारे २०,००० उपासमार, रोगराई, मारहाण आणि फाशी यांनी मेले. व्ही-२ च्या माऱ्यात जेवढी माणसे मेली त्यापेक्षा अधिक माणसे तो बनविताना मेली. फॉन ब्राउन त्या बोगद्यांत जाऊन आला होता. १९४७ मध्ये दाखाउ येथे डोरा छावणीच्या १९ आरोपींवर खटला चालला, त्यांत तो नव्हता. तो अमेरिकेत होता, अमेरिकन लष्कराच्या नोकरीत. १९५५ मध्ये त्याला नागरिकत्व मिळाले, १९५८ च्या फेब्रुवारीत टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र झळकले.

एका बाजूला गुन्हा नसताना शिक्षा भोगलेला माणूस, ज्याचे नाव घ्यायला बंदी. दुसऱ्या बाजूला गुलामांच्या प्रेतांवर कारखाना चाललेला माणूस, ज्याला वाजतगाजत मिरविले. अवकाशयुगाचे हे दोन शिल्पकार. दोन्ही देशांना अग्निबाण हवा होता आणि त्यासाठी दोघांनीही कायदा सोयीनुसार वाकविला. लोकशाही म्हणविणाऱ्या अमेरिकेलाही येथे पाठ थोपटून घेता येणार नाही.

मे १९४६ मध्ये अग्निबाण उद्योगाचा सरकारी निर्णय झाला आणि मॉस्कोजवळच्या पोदलिप्की येथे कोरोलेव्ह लांब पल्ल्याच्या अग्निबाणांचे मुख्य रचनाकार झाले. १८ ऑक्टोबर १९४७ रोजी व्होल्गा प्रदेशातील कापुस्तिन यार येथून त्यांच्या पथकाने जर्मन व्ही-२ उडविला, पुढच्या वर्षी त्याची रशियन प्रत. मग एकामागून एक आपले स्वतःचे अग्निबाण.

आर-७ ची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. लष्कराला अमेरिकेपर्यंत हायड्रोजन बॉम्ब नेणारे क्षेपणास्त्र हवे होते. तो बॉम्ब त्या वेळी फार जड, म्हणून अग्निबाणही अवाढव्य: उंची सुमारे ३४ मीटर, भरलेले वजन सुमारे २८० टन, इंधन रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजन. एक मोठे इंजिन बनवावे तर आतले ज्वलन अस्थिर होऊन ते फुटे. त्यावर ग्लुश्को यांनी तोडगा काढला, एका इंजिनाला चार लहान ज्वलनकक्ष. मधला एक खांब, त्याला चार बाजूंनी चिकटलेले चार अग्निबाण, असे पाच इंजिनांचे वीस ज्वलनकक्ष उड्डाणाच्या वेळी एकदम पेटायचे. पुढे बॉम्ब हलके झाले, आणि इंधन भरायला तासन्‌तास लागणारे हे धूड क्षेपणास्त्र म्हणून फारसे कामाचे राहिले नाही. पण उपग्रह उचलायला ते उत्तम ठरले. माणसे मारण्यासाठी मागितलेल्या पैशातून कोरोलेव्ह यांनी अवकाशाची शिडी बांधली, असे आम्ही म्हणू. त्यांनी बॉम्बवाहक बनविला हेही खरेच, आणि ते आम्ही झाकणार नाही.

तळ उभारला तो कझाकस्तानच्या वाळवंटात, त्युराताम येथे. हजारो सैनिक-मजुरांनी उन्हाळ्याच्या भट्टीत आणि हिवाळ्याच्या बर्फात तो खणून काढला. जगाला सांगितलेले नाव मात्र बायकोनूर, जे गाव प्रत्यक्षात शेकडो किलोमीटर दूर होते. माणसाचे नाव लपविले तसे जागेचेही.

१८ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच लष्करी पीठाने, ज्याने १९३८ मध्ये दहा वर्षे ठोठावली होती, कोरोलेव्ह यांना गुन्हा घडलाच नव्हता म्हणून निर्दोष ठरविले. त्यासाठी १९५५ मध्ये त्यांनी स्वतः अर्ज केला होता. त्यानंतर चार आठवड्यांनी, १५ मे रोजी, आर-७ चे पहिले उड्डाण झाले आणि फसले. बाजूच्या एका अग्निबाणाला आग लागली होती. जूनमध्ये दुसरा अग्निबाण तळावरून हललाच नाही. जुलैमध्ये तिसरा हवेत गिरकी घेऊन तुटला. १९३८ चे तर्कशास्त्र लावले तर हे तीन घातपात झाले. २१ ऑगस्टला चौथा हजारो किलोमीटरवर पोहोचला.

बॉम्ब वाहणारे टोक मात्र वातावरणात परत शिरताना उष्णतेने मोडून पडले. ते दुरुस्त करायला काही महिने लागणार होते. या मोकळ्या वेळात उपग्रह सोडू द्या, असा कोरोलेव्ह यांचा आग्रह. शास्त्रज्ञांसाठी ठरलेला मोठा उपग्रह १,३०० किलोंहून जड होता आणि वेळेत तयार होत नव्हता, म्हणून त्यांचे जुने सहकारी तिखोनराव्होव्ह यांच्या सूचनेनुसार साधा गोळा करायचे आधीच ठरले होते. आत बॅटऱ्या आणि रेडिओ. अमेरिकन पुढे जातील या धास्तीने ६ ऑक्टोबरचा मुहूर्त दोन दिवस अलीकडे ओढला. हा रेडिओ २० आणि ४० मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलत होता. का? तर जगातल्या कोणत्याही हौशी रेडिओवाल्याला तो घरबसल्या ऐकता यावा. सरकारने विश्वास ठेवा म्हणायची गरजच उरली नाही, ज्याच्याकडे यंत्र त्याने स्वतः ऐकून खात्री करावी. तीन आठवडे तो टिकटिक ऐकू येत होता. हे आम्हाला या सगळ्या कहाणीतले सर्वांत सुंदर तांत्रिक कलम वाटते.

महिन्याभरात, ३ नोव्हेंबरला, क्रांतीच्या चाळिसाव्या वर्धापनदिनासाठी दुसरा उपग्रह गेला, त्यात मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री लायका होती. तिला परत आणण्याची सोयच नव्हती. ती काही तासांतच उष्णतेने मेली, हे जगाला २००२ मध्ये कळले. उत्सवाच्या तारखेसाठी दिलेला हा बळी समर्थनीय नाही, मग तो कोरोलेव्ह यांच्या हातून का होईना.

१९५९ मध्ये त्यांचे यान चंद्रावर आदळले, दुसऱ्याने चंद्राची कधी न दिसलेली बाजू टिपली. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वी प्रदक्षिणा करून आले. वडील सुतार, आई दूधशाळेत राबणारी, स्वतः ओतकाम शिकलेला मुलगा. १९६३ मध्ये कापडगिरणीत काम केलेली तेरेश्कोव्हा अवकाशात जाणारी पहिली स्त्री ठरली. कष्टकऱ्यांची मुले पुढे आली याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्याच राज्याने सुताराच्या मुलाचा चेहरा जगभर फिरविला आणि कौलारूचा झाकून ठेवला. शत्रूचे हेर त्यांना मारतील, हे कारण सांगितले जाई. प्रवदामध्ये त्यांचे लेख येत ते प्राध्यापक के. सर्गेयेव्ह या खोट्या नावाने. परदेशी परिषदांना सेदोव्ह नावाचे दुसरेच विद्वान जात आणि स्पुटनिकचे जनक म्हणून सत्कार घेत. पदके मिळत, ती छातीवर लावून चारचौघांत जायची मुभा नव्हती.

माणूस म्हणून ते सोपे नव्हते. रागीट, हट्टी, हाताखालच्यांना फैलावर घेणारे. ग्लुश्को यांच्याशी इंधनावरून वाद इतका विकोपाला गेला की चंद्रावर माणूस नेण्यासाठी रचलेल्या एन-१ अग्निबाणाला देशातला सर्वांत अनुभवी इंजिनकार मिळालाच नाही. १९६९ ते १९७२ या काळात एन-१ चारदा उडाला, चारही वेळा फसला.

ते पाहायला कोरोलेव्ह नव्हते. १४ जानेवारी १९६६ रोजी मॉस्कोत शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्यांचा मृत्यू झाला. शस्त्रक्रिया खुद्द आरोग्यमंत्री पेत्रोव्हस्की करीत होते. साधी म्हणून सुरू झाली, आत मोठी गाठ निघाली. श्वासनलिकेत नळी नीट घालता आली नाही, कारण १९३८ च्या चौकशीत त्यांचा जबडा मोडला होता, असे चरित्रकार सांगतात. वय ५९.

१६ जानेवारीच्या प्रवदामध्ये त्यांचे छायाचित्र आणि पूर्ण नाव छापून आले, तेव्हा देशाला मुख्य रचनाकार कोण ते कळले. अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या, गागारिन बोलले. १९८४ मध्ये राकेश शर्मा ज्या अग्निबाणाने वर गेले तो आर-७ च्याच वंशातला, आणि सोयूझ या नावाने तो वंश आजही उडतो आहे. प्रवदाच्या त्या मृत्युलेखात शिक्षण होते, पदव्या होत्या, पदके होती. १९३८ ते १९४४ या सहा वर्षांत ते कुठे होते याचा एक शब्दही नव्हता. तो छापून यायला आणखी दोन दशके, गोर्बाचेव्ह यांचा काळ उजाडावा लागला.